पुण्यात आलेला मॉर्मन आणि साठ कोटींचा हिशोब

लातूरला अकरावी-बारावी करायला आलेल्या पोराचा दिवस कसा असतो, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहाटेचा अलार्म, क्लास, मेस, अभ्यासिका, पुन्हा क्लास. रूमवर अनोळखी पार्टनर. मोबाइल एक तर घरी ठेवलेला, नाही तर साधा बटणांचा. दोन वर्षं सण नाहीत, लग्नं नाहीत, पिक्चर नाहीत. नांदेडलाही आता हेच चित्र आहे. हे सगळं करणारं पोरगं सतरा-अठरा वर्षांचं असतं आणि त्याच्या मागं अख्ख्या घराची आशा उभी असते.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या अमेरिकेतल्या यूटा राज्यात बघा. तिथंही अठरा वर्षांचं पोरगं घर सोडतं, तेही दोन वर्षांसाठी. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. सोबत कायम एक पार्टनर, त्याला सोडून एकट्यानं कुठंही जायचं नाही. पिक्चर नाही, मैत्रीण नाही. २०१९ पर्यंत घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मदर्स डेला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून आठवड्याला एक फोन चालू झाला. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. पाटीवर नावाआधी 'एल्डर', म्हणजे वडीलधारा! अठराव्या वर्षी.

हे पोरगं नीटची तयारी करत नसतं. ते मॉर्मन मिशनरी असतं. मॉर्मन हे लोकांनी पाडलेलं नाव. पंथाचं स्वतःचं नाव लांबलचक आहे, त्याचा अर्थ साधारण 'येशू ख्रिस्ताच्या उत्तरकालीन संतांचं चर्च' असा होतो. आज जगभर त्यांचे सत्तर हजारांहून जास्त मिशनरी फिरत असतात. कुठं जायचं हे त्यांनी ठरवायचं नसतं. आपल्या कॅप राऊंडमध्ये निदान पर्याय भरता येतात, इथं तेही नाही. एक दिवस पत्र येतं, त्यात देश आणि भाषा लिहिलेली असते. पेरू म्हणजे पेरू, मंगोलिया म्हणजे मंगोलिया. खर्च बहुतेक वेळा घरचेच करतात. मग दोन वर्षं दारोदार फिरायचं, आणि नव्वद दारं तोंडावर बंद होणार हे माहीत असताना एक्क्याण्णवावं वाजवायचं.

आयटीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लोक भेटतात. अमेरिकेतल्या टीममध्ये एखादा गोरा माणूस असतो, तो अचानक अस्खलित पोर्तुगीज नाही तर कोरियन बोलायला लागतो. कुठं शिकलास विचारलं तर सांगतो, 'मिशनवर होतो, दोन वर्षं.' असा एक जण माझ्याही ओळखीचा आहे. किती लोकांना धर्मात आणलंस, असं मी त्याला विचारलं. तो हसून म्हणाला, फार थोडे. पण त्या देशातल्या म्हाताऱ्या बायकांनी त्याला काय काय खाऊ घातलं, हे तो अर्धा तास सांगत राहिला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. ज्या कामासाठी माणूस गेला ते काम झालं नाही, तर ती दोन वर्षं वाया गेली असं म्हणायचं का? याचं उत्तर शोधायला यूटाला जायची गरज नाही. असली पोरं दोनशे वर्षांपूर्वीपासून आपल्या मुलखात येत आली आहेत, आणि त्यांत एक मॉर्मनही होता. तो पुण्यात राहिला, मराठी शिकला आणि जवळजवळ काहीही मागं न ठेवता निघून गेला. पण त्याची गोष्ट कळायला त्याच्या आधी आलेल्यांची गोष्ट माहीत पाहिजे.

अठ्ठाविशीतली दोन माणसं

६ फेब्रुवारी १८१२. अमेरिकेतल्या सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. अमेरिकेनं आशियात पाठवलेली ही पहिली तुकडी. त्यात गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नेवेल होते, दोघंही सत्तावीस वर्षांचे. नेवेलचं लग्नही त्याच सुमारास झालं. बायको हॅरिएट, वय अठरा.

जहाजं कलकत्त्याला पोचली आणि इमिग्रेशनचा घोळ झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हिसा रिजेक्ट. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या राज्यात मिशनरी नकोच होते. धर्मावरून लोक बिथरले तर व्यापार बुडेल ही धास्ती. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झालं, म्हणजे हे पाच जण एका झटक्यात शत्रू देशाचे नागरिक ठरले. हुकूम आला, चालते व्हा.

नेवेल दांपत्य मॉरिशसकडं निघालं. वाटेत समुद्रातच हॅरिएट बाळंत झाली. बाळ काही दिवसांतच गेलं. ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली, एकोणीस वर्षांची होऊन. धर्माचा एक शब्दही कुणाला सांगायच्या आधीच. तिची डायरी आणि पत्रं पुढं पुस्तकरूपानं निघाली आणि अमेरिकेत घरोघरी वाचली गेली.

हॉल आणि त्याचा साथीदार सॅम्युअल नॉट कलकत्त्याहून सटकले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. तिथंही परत जाण्याचा हुकूम तयारच होता. मग वर्षभर अर्जविनंत्या. मध्ये एकदा दोघं गुपचूप जहाजात बसून कोचीनपर्यंत पळाले, पकडले गेले, परत मुंबईत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचा होता, त्याला हॉलनं लांबलचक पत्रं लिहिली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कंपनीच्या सनदेत बदल करून मिशनऱ्यांना वाट करून दिली होती. डिसेंबरमध्ये, अगदी जहाजावर चढवायची वेळ आली असताना, राहायची परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी नेवेलही येऊन मिळाला. हेच पुढचं अमेरिकन मराठी मिशन.

आता खरं काम. रोज पंडिताकडून मराठी शिकायची आणि रस्त्यावर, देवळांबाहेर, बाजारात उभं राहून बोलायचं. लोक ऐकायचे, प्रश्न विचारायचे, हसायचे, निघून जायचे. पहिला बाप्तिस्मा व्हायला १८१९ उजाडलं. तोही मुंबईच्या कुणाचा नाही, तर हैदराबादकडून आलेल्या एका मुसलमान माणसाचा.

असं असताना १८१८ साली हॉल आणि नेवेल यांनी मिळून एक पुस्तिका लिहिली. जगात ख्रिस्ती नसलेली साठ कोटी माणसं आहेत, त्यांचं काय करायचं, हा तिचा विषय. त्यांनी मांडलेला हिशोब आपल्या प्रोजेक्ट मॅनेजरला शोभेल असा आहे. वीस हजार माणसांमागं एक मिशनरी धरला तर साठ कोटींना तीस हजार लागतील. अमेरिकेतली आणि युरोपातली चर्चं एवढी माणसं आणि एवढा पैसा नक्की उभा करू शकतात. म्हणजे जग बदलायला फक्त रिसोर्सेस कमी पडतायत! पाच वर्षं मुंबईच्या गल्ल्यांत उभं राहून ज्यांच्या हाती एकही माणूस लागला नव्हता, त्यांनी हे लिहिलं. याला भाबडेपणा म्हणा, श्रद्धा म्हणा. मला यात पंचविशी-तिशीतला ओळखीचा आत्मविश्वास दिसतो. मॉडेल बरोबर आहे, डेटा यायला वेळ लागतोय, एवढंच.

१८२१ मध्ये नेवेल पटकीनं गेला. मार्च १८२६ मध्ये हॉल पुस्तकं वाटत नाशिककडं गेला होता. तिकडं पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यानं आजाऱ्यांना वाटली आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यात त्यालाही पटकीनं गाठलं. वय एकेचाळीस. सोबत दोन पोरं होती, त्यांनीच त्याला पुरलं.

साठ कोटींच्या हिशोबानं पाहिलं तर निकाल शून्याच्या जवळपास. पण याच तेरा वर्षांत त्यांनी दोन गोष्टी केल्या, ज्या त्यांच्या लेखी साधनं होती. एक, शाळा. मुंबईत आणि आसपास कित्येक शाळा काढल्या, शिकवायला बहुतेक हिंदू पंतोजीच ठेवले. दोन, छापखाना. १८१६ ला छपाईची तयारी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी मराठी पत्रकं छापून बाहेर पडू लागली.

त्या छापखान्यात पुढं कोण कोण तयार झालं ते बघा. गणपत कृष्णाजी तिथं काम बघून शिकला आणि १८३१ साली स्वतःच्या छापखान्यातून मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजी हा पोरसवदा वयात तिथं टाइप घासायला लागला आणि १८६९ मध्ये त्यानं निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्यांसाठी देशभर नाव झालेला तोच निर्णयसागर. मूर्तिपूजा मोडायला आणलेल्या यंत्राच्या कारखान्यातून पंचांगं आणि पोथ्या छापणारी माणसं बाहेर पडली. शाळांचंही तसंच. या मिशनची सिंथिया फरार १८२७ ला मुंबईत आली, पुढं अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि त्यांनी सावित्रीबाईंना बरोबर घेऊन काय केलं, ते तुम्हाला माहीत आहे.

१८५२, पुणे

मॉर्मन पंथ या सगळ्याच्या नंतरचा. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणानं तो स्थापला. १८४४ मध्ये जमावानं त्याला मारलं. अनुयायी ब्रिगहम यंगच्या मागं वाळवंट तुडवत १८४७ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन राहिले. मधल्या काळात ब्रिटनमध्ये गिरणी कामगार, खाणकामगार, कारागीर अशा हजारो लोकांनी हा पंथ घेतला होता. त्यांतलाच एक स्कॉटलंडचा ह्यू फिंडले. सप्टेंबर १८५१ मध्ये तो मुंबईत उतरला. वय एकोणतीस.

पगार नाही, बंगला नाही, मागं श्रीमंत मिशन सोसायटी नाही. मॉर्मन मिशनऱ्यानं थैली न घेता निघायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं, असा तेव्हाचा दंडक. ऐकायला हे आपल्या माधुकरीसारखं वाटतं. पण माधुकरी मागणाऱ्याला दारातली बाई ओळखते, तो कोण आणि कशासाठी आलाय हे तिला माहीत असतं. फिंडलेला कोण ओळखणार? मुंबईतल्या इतर ख्रिस्ती पाद्र्यांनी आणि त्यांच्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. त्यांच्या दृष्टीनं तो हिंदूंपेक्षाही धोकादायक होता, कारण तो त्यांचीच मेंढरं पळवत होता.

१८५२ मध्ये तो पुण्याला गेला. तिथं लष्करी अधिकाऱ्यांनी कँटोन्मेंटच्या हद्दीत राहायला मनाई केली. मग तो गावाच्या बाजूला राहिला आणि मराठी शिकू लागला. त्या वर्षाच्या शेवटाकडं त्याच्याभोवती डझनभर माणसांचा एक गट जमला. त्यात गोरे होते, अँग्लो-इंडियन होते, थोडे इथलेही होते. ही पुण्यातली मॉर्मन शाखा.

त्याच वर्षी त्याच पुण्यात दुसरं काय चाललं होतं? १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात मुलींच्या शाळांसाठी जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. पंचविशीतला एक माळ्याचा पोरगा आणि त्याची एकविशीतली बायको ब्राह्मणी पुण्याला हलवत होते. त्याच शहरात एक स्कॉटिश माणूस ऐकणारा कान शोधत फिरत होता. दोघांची कधी गाठ पडली का, याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. पण पुण्याला त्या वेळी कुठला नवा विचार पचत होता आणि कुठला नाही, हे या दोन चित्रांवरून दिसतं.

फिंडलेच्या मदतीला पुढं त्याचा भाऊ ॲलन आला. १८५३ च्या एप्रिलमध्ये यूटाहून निघालेले तेरा मॉर्मन कलकत्त्याला उतरले. त्यातला एमॉस मिल्टन मसर निघाला तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो पुढं मुंबई, कराची असा फिरत राहिला आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालून १८५७ ला घरी पोचला. फिंडलेनं १८५५ मध्ये मराठी लोकांना उद्देशून खरा आणि जिवंत देव कोणता, याबद्दल एक पुस्तिका मुंबईत छापली. आणि त्याच वर्षी दोघं भाऊ निघून गेले. पुढच्या वर्षभरात उरलेलेही गेले. १८५७ चा उठाव व्हायच्या आधीच भारतातलं मॉर्मन मिशन संपलं होतं.

का रुजलं नाही?

सोपं उत्तर आहे बहुपत्नीत्व. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेकच्या एका परिषदेत मॉर्मन चर्चनं आपल्यात अनेक बायका करायची चाल असल्याचं जाहीरपणे सांगितलं. गंमत अशी की भारतात येणाऱ्या त्या मिशनऱ्यांची नावंही त्याच परिषदेत पुकारली गेली. माणसं कलकत्त्याला पोचायच्या आत बातमी पोचली होती. इंग्रजी वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. १८९० मध्ये या चर्चनं ती चाल बंद केली, पण तोवर पुण्यातला खेळ कधीच संपला होता.

मला यापेक्षा महत्त्वाची वाटतात ती दुसरी कारणं.

पहिलं म्हणजे, ते बोलत होते कुणाशी? बहुतेक करून पलटणीतले गोरे शिपाई आणि कारकून. त्यांच्याशी भाषेचा प्रश्न नव्हता. पण पलटण हलली की मंडळी हलली. आज पुण्यात असलेला माणूस उद्या ब्रह्मदेशात.

दुसरं, पोटाचा प्रश्न. नव्या धर्मात येऊ पाहणारा गरीब माणूस विचारायचा, जातीनं वाळीत टाकलं तर खाऊ काय? इतर मिशनांकडं शाळेत, छापखान्यात, शेतावर काम तरी होतं. मॉर्मनांकडं तेही नव्हतं, कारण ते स्वतःच दुसऱ्याच्या घरी जेवत होते. असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तेव्हाही लालची म्हणायचे, आजही म्हणतात. पण ज्यानं कधी गाव गमावण्याचा धोका पत्करलेला नाही, त्यानं हा शब्द जपून वापरावा. पोरगं इंजिनिअरिंगला घालताना आपले वडीलही 'प्लेसमेंट किती?' हेच आधी विचारतात.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. त्या काळच्या मॉर्मन शिकवणीत धर्म घेतला की यूटाला जायचं, असं होतं. सगळ्या संतांनी एका जागी गोळा व्हायचं. म्हणजे ज्यानं खरोखर मनावर घेतलं तो माणूस इथून जाणारच. फिंडले बंधू परतले तेव्हा त्यांच्याबरोबर इथले काही अनुयायीही निघाले. ज्या झाडाचं प्रत्येक चांगलं रोप उपटून दुसऱ्या देशात लावायचं, त्याची इथं बाग कशी होणार? मराठवाड्यातल्या गावांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हुशार पोरगं आधी लातूरला, मग पुण्याला, मग ऑनसाइट. गावाच्या वाट्याला येतो तो अभिनंदनाचा फ्लेक्स.

जालन्याची वाट

नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात. कंपनीच्या राज्यातली ही सगळी धामधूम आपल्याकडं फारशी पोचत नव्हती. इकडं मिशनचं ठळक काम उभं राहिलं ते जालन्यात, आणि ते उभं करणारा माणूस गोरा नव्हता. नारायण शेषाद्री हे त्याचं नाव. घरची जात ब्राह्मण, भाषा मराठी. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकताना १८४३ मध्ये त्यानं ख्रिस्ती धर्म घेतला.

त्याची किंमत घरानं मोजली. धाकटा भाऊ श्रीपत, कोवळ्या वयाचा, तोही मिशनऱ्यांकडं राहायला गेला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली, कोर्टानं मुलगा परत दिला. पण ख्रिस्ती घरात जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचं कसं? सनातनी अडून बसले. बाळशास्त्री जांभेकर मात्र प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले आणि त्यांनी शिव्याशाप सोसले. एका घरात एक भाऊ कायमचा गेला, दुसरा परत येऊनही दारातच अडकला. मिशनऱ्याच्या आठवणींत येतात त्या हसऱ्या म्हाताऱ्या आणि गरम जेवण. या घरातल्या आईची आठवण कुणी लिहून ठेवलेली नाही. धर्मप्रचाराचा इतिहास वाचताना ही बाजू आपणच लक्षात ठेवायची असते.

नारायण शेषाद्री पुढं पाद्री झाला, १८६० च्या दशकात जालन्याला आला. तिथं त्यानं मुख्यतः मातंग समाजात काम केलं. निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ 'बेथेल' नावाचं एक गावच वसवलं. ज्यांना गावाबाहेर राहायला लागायचं त्यांना स्वतःचं गाव मिळालं. 'खाऊ काय?' या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर होतं. आणि १८७३ साली हा मराठी पाद्री न्यूयॉर्कच्या जागतिक परिषदेत बोलायला अमेरिकेला गेला. हॉल आणि नेवेल निघाले त्याला साठ वर्षं झाली होती. आता तिकडचे लोक खाली बसले होते आणि आपल्याकडचा माणूस व्यासपीठावर होता.

फिंडलेकडं नव्हतं ते सगळं शेषाद्रीकडं होतं. भाषा जन्माची, राहायची तयारी आयुष्यभराची. तरीही बेथेल हे एक गावच राहिलं. जातीच्या मुळावर घाव घालायला तेवढं पुरेसं नव्हतं.

तो घाव घातला गेला तो १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं धर्मांतर कुठल्याही परदेशी मिशननं घडवलेलं नाही. दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी मूळचे आराकानचे होते हे खरं, पण निर्णय बाबासाहेबांचा आणि त्यांच्या माणसांचा होता. आणि तो एका रात्रीत झालेला नाही. 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा १९३५ मध्ये येवल्याला झाली. मधली एकवीस वर्षं अभ्यास, वाद, वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांशी बोलणी यांत गेली. मधल्या काळात मिशनरी येऊन भेटत होते, आपापला धर्म पुढं करत होते. बाबासाहेबांनी सगळ्यांचं ऐकलं आणि स्वतः ठरवलं. नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये आज पंचशीलाचा झेंडा दिसतो तो दार वाजवणाऱ्या कुणा पाहुण्यामुळं नाही. दार आतून उघडलं गेलं.

मोजायचं कसं?

आज मॉर्मन चर्च भारतात पुन्हा आहे. १९९३ पासून बेंगळुरूला त्यांचं मिशन आहे, पुढं दिल्लीलाही झालं. आता इथं काळी पाटी लावून फिरणारी कित्येक पोरं भारतीयच असतात. चर्चनं यूटाला गोळा व्हायची शिकवण केव्हाच बाजूला ठेवली, आपापल्या देशातच राहा म्हणून सांगितलं. रुजण्याचा धडा त्यांनाही उशिरा का होईना मिळाला.

मला कुठल्याच धर्माचा प्रचार पटत नाही. आपलं खरं आणि समोरच्याचं खोटं हे तिकीट काढायच्या आधीच ठरवून निघालेल्या माणसाशी मैत्री अवघड असते. तरीही अठरा वर्षांच्या पोराला परक्या देशातली परकी भाषा शिकायला लावून दोन वर्षं लोकांच्या ओसरीवर बसवणारी ही पद्धत मला महत्त्वाची वाटते. आपली पोरं दोन वर्षं लातूरला राहतात आणि लातूरच्या एकाही घराची ओसरी बघत नाहीत. ऑनसाइट जाऊन पाच वर्षं राहिलेल्यांनाही शेजाऱ्याचं नाव सांगता येत नाही. घराबाहेर पडणं आपल्यालाही जमतं. पण तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत 'तुमचं कसं चाललंय?' असं विचारायची सक्ती आपल्यावर कुणी केलेली नसते.

हॉल आणि नेवेल यांचा साठ कोटींचा हिशोब चुकला, कारण त्यांनी मोजायला घेतलेलं एककच चुकीचं होतं. मिशनरी किती पाठवले, माणसं किती फिरली. ज्या गोष्टी त्यांनी मोजल्याच नाहीत, त्याच उरल्या. टाइप घासणारा जावजी नावाचा एक पोरगा, नगरच्या मुलींच्या शाळेचा एक वर्ग, मराठीत छापलेला एक कागद. त्यांतली एकही गोष्ट त्यांना अपेक्षित असलेल्या दिशेला गेली नाही. लोकांनी ती उचलली आणि आपल्याला हवी तिकडं नेली. फिंडलेनं मराठी शिकायला घेतली होती, म्हणजे तोही त्या वाटेवर होता. फक्त ओसरीवर बसून चहा गार होईपर्यंत थांबायला त्याच्याकडं वेळ नव्हता. त्याला त्याच्या माणसांना घेऊन यूटाला जायचं होतं.